रंग शेवटी पाहा: गोव्यात पक्षी ओळखायला शिकताना

पक्षी पाहायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. एवढे सगळे पक्षी लक्षात ठेवायचे कसे? गोव्यात साडेचारशेहून जास्त जातींची नोंद आहे, भारतात तेराशेच्या वर. पक्ष्यांचं पुस्तक उघडलं की पानामागून पान तपकिरी, हिरवट, ठिपकेदार पाखरं दिसत जातात आणि आवाका पाहूनच धीर सुटतो.

सगळे पक्षी लक्षात ठेवावे लागतच नाहीत. मुरलेला निरीक्षक पानांत काहीतरी हललेलं पाहून पटकन नाव सांगतो, तेव्हा त्याच्या डोक्यात साडेचारशे चित्रं फिरत नसतात. तो कुठे उभा आहे आणि महिना कोणता चालू आहे, एवढ्यावरच बहुतेक नावं गळालेली असतात. मग आकार आणि हालचाल पाहून दोन-तीन उरतात. रंग तो सगळ्यात शेवटी पाहतो, या दोन-तिघांतून एक निवडण्यापुरता. नवखा माणूस उलट्या टोकाने सुरुवात करतो. ‘पिवळा होता, डोकं काळं होतं’ एवढ्या सामानावर पुस्तक चाळायला घेतो, आणि पिवळे-काळे पक्षी तर पुस्तकात ढीगभर असतात. पक्षी ओळखायला शिकणं म्हणजे बऱ्याच अंशी हा क्रम सुलटा करणं.

आधी जागा

गोव्याचं क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर. सकाळी मोरजीच्या किनाऱ्यावर कुरव (समुद्रपक्षी) पाहून दुपारी तांबडी सुर्ल्याच्या जंगलात धनेश पाहता येतो, इतकं सगळं जवळ. पण पक्ष्यांच्या दृष्टीने हे अंतर फार मोठं आहे. जंगलातला पक्षी किनाऱ्यावर सहसा येत नाही, किनाऱ्यावरचा जंगलात जात नाही.

खंड्याचंच पाहा. गावातल्या विजेच्या तारेवर, पाण्यापासून लांब, तपकिरी डोक्याचा, पांढऱ्या छातीचा आणि लाल चोचीचा बसलेला असतो तो आपला नेहमीचा खंड्या. तो माशांवर अवलंबून नसतो. नाकतोडे, सरडे, बेडूक काहीही चालतं, म्हणून तो शेतात आणि परसातही दिसतो. ओढ्याच्या काठावर चिमणीएवढा निळा पक्षी बाणासारखा सरळ गेला तर तो छोटा खंड्या. पाण्यावर हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबणारा काळा-पांढरा, तो कवड्या. सावलीतल्या खाडीकाठी भली थोरली लाल चोच दिसली तर घोंगी खंड्या. खारफुटीत काळ्या डोक्याचा सापडू शकतो, आणि पांढऱ्या गळपट्ट्याचा निळसर-हिरवा खंड्या दिसावा म्हणून तर लोक लांबून चोडण बेटावर येतात. म्हणजे तुम्ही तारेखाली उभे आहात, ओढ्याकाठी की खारफुटीत, हे पाहिलं की अर्धं काम झालं. मांडवी आणि झुआरी यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात होडीने फिरलं तर यातले बरेचसे एकाच सकाळी भेटू शकतात. तिथले लोक मगरी दाखवायला नेतात, तुम्ही फांद्यांकडे लक्ष ठेवा.

सड्यावर वेगळं जग असतं. जांभ्या दगडाचा उघडा माळ, पावसाळ्यात गवताने हिरवा आणि उन्हाळ्यात करपलेला. इथे चंडोल आणि माळटिटवी. शेतातल्या टिटवीच्या डोळ्यापुढे लाल मांस असतं, माळटिटवीच्या डोळ्यापुढे पिवळं लोंबतं आणि डोक्यावर काळी टोपी असते. टिटवीला पाण्याचा शेजार लागतो, माळटिटवीला कोरडा माळ पुरतो. सड्याला पडीक जमीन म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळी तिथे तासभर बसून पाहावं. जमिनीवर अंडी घालणाऱ्या या पक्ष्यांना दुसरीकडे जागा नाही.

खाजन शेतं, म्हणजे खारं पाणी बांध घालून आणि मानशी (पाणी अडवणारी दारं) बसवून बाहेर रोखलेली शेतं, बगळ्यांची आणि वंचकांची. फोंड्याकडची कुळागरं वेगळीच: माड, पोफळी, केळी, जायफळ, मधून वाहणारा पाट आणि दिवसभर सावली. तिथे स्वर्गीय नर्तक, सुतार, हळद्या, नशीब असेल तर मलबारी राखी धनेश. कुळागर कोणाच्या तरी मालकीचं असतं, तेव्हा विचारूनच आत जा. मालकांना पक्षी माहीत असतात, कोणत्या झाडावर धनेश फळं खायला येतात हे ते तुम्हाला कोणत्याही पुस्तकापेक्षा नेमकं सांगतील.

गोड्या पाण्याची तळी पाहायची तर जुन्या गोव्याजवळचं करमळी किंवा कुडचड्याचं नंदा तळं. नंदा तळ्याला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला, गोव्यातलं ते पहिलंच. पाण्यावरच्या पानांवरून लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, अडई बदकांचे थवे अशा तळ्यांवर असतात. नवशिक्यासाठी तळं फार सोयीचं, कारण पक्षी मोठे, उघड्यावर, आणि बराच वेळ एका जागी. जंगल त्याच्या उलट. बोंडला, मोले, खोतीगाव ही नावं ऐकून बरेच जण पहिल्याच रविवारी तिकडे धावतात आणि मान दुखवून, दोन-तीन पक्षी पाहून परत येतात. जंगलात पक्षी उंच, पानांआड, पाठीमागे उजेड. माझं ठाम मत आहे की पहिले दोन-तीन महिने घराजवळची एकच जागा धरावी, आठवड्यातून दोनदा तिथे जावं आणि तिथले वीस-पंचवीस नेहमीचे पक्षी कोणत्याही कोनातून, कोणत्याही उजेडात ओळखता येईपर्यंत पाहावेत. जवळच्या झाडावरचा शिपाई बुलबुल पाठमोरा, ओला, अंधारात बसलेला असतानाही ओळखता आला की अनोळखी पक्षी आपोआप डोळ्यांत भरतो.

मग महिना

सप्टेंबर सरत आला की उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. जंगलातल्या ओढ्यावर शेपटी वरखाली करत चालणारा राखी धोबी, तळ्यांवरची तलवार बदकं आणि भिवई बदकं, किनाऱ्यावरचे कुरव हे सगळे हिवाळ्याचे. जुलै महिन्यात राखी धोबी दिसला असं वाटलं तर पुन्हा नीट पाहा. बारमाही राहणारा कवड्या धोबी काळा-पांढरा असतो, तो असण्याची शक्यता खूप जास्त.

पावसाळ्यात लोक दुर्बीण कपाटात ठेवतात. पण पावसाळ्यात पाहुणे नसतात, म्हणजे नावंच कमी उरतात. शिकायला यासारखा काळ नाही. शिवाय स्थानिक पक्षी तेव्हा रंगात असतात. सुगरणीच्या नराचं डोकं आणि छाती पिवळीधमक होते आणि तो भातशेताजवळ घरटं विणू लागतो. हाच नर हिवाळ्यात मादीसारखा, चिमणीसारखा मळकट दिसतो आणि नवख्याला पार चकवतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी ओढ्याकाठी राहत असाल तर पहाटे उजाडण्याआधी शीळकरी कस्तूर ऐका. माणूस निवांतपणे शीळ घालत चालल्याचा भास होतो.

आकार आणि चाल

आकारासाठी घरच्या पक्ष्यांची मोजपट्टी करा: चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार. अनोळखी पक्षी दिसला की पहिला प्रश्न हाच की तो यांपैकी कोणाएवढा. ‘साळुंकीपेक्षा लहान, बुलबुलाएवढा’ असं वाक्य मनात तयार झालं की शेकडो नावं बाद होतात. मग चोच पाहा. जाड आणि आखूड असेल तर दाणे फोडणारा, मुनियासारखा. बारीक, वाकडी आणि लांब असेल तर फुलांतला मध पिणारा शिंजीर. बारीक, सरळ असेल तर किडे टिपणारा. टोकाला आकडी असेल तर शिकारी. मग शेपटी: लांब की आखूड, दुभंगलेली की गोल, उभी धरलेली की लोंबती.

आकारावर एवढा भर का, तर रंगाला उजेड लागतो. पाठीमागे सूर्य असेल तर कोणताही पक्षी काळा दिसतो, आणि दमट हवेत लांबचे रंग विटके वाटतात. नर शिंजिराच्या अंगावरची जांभळी-हिरवी झाक तर रंगद्रव्याची नसतेच. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होऊन ती तयार होते, म्हणून पक्ष्याने जरा मान वळवली की तोच पक्षी कोळशासारखा काळा. चोच मात्र काळोखातही वाकडीच असते.

चाल आणि सवय तर अनेकदा नावच सांगून टाकते. तारेवरून उडून हवेत किडा पकडून परत त्याच जागी येऊन बसतो तो वेडा राघू किंवा कोतवाल. खोडावर उभा चढत जातो तो सुतार. सतत शेपटीचा पंखा उघडून इकडून तिकडे वळत राहतो तो नाचण. सहा-सात जण मिळून कलकल करत झुडपाखालचा पाचोळा उलथतात ते सातभाई. आकाशातल्या भिंगरी आणि पाकोळीचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. पाकोळीचे पंख विळ्यासारखे लांब आणि वाकलेले, आणि तिच्या पायांची रचना अशी की ती तारेवर बसूच शकत नाही. तारेवर ओळीने बसल्या असतील तर त्या भिंगऱ्या. रंग पाहायची गरजच पडली नाही.

पांढरे बगळे: एक पूर्ण उदाहरण

सगळी पद्धत एका ठिकाणी शिकायची असेल तर खाजनातले पांढरे बगळे घ्या. सगळे पांढरे, त्यामुळे रंगाचा मोह मुळातच संपतो.

म्हशीच्या मागे किंवा ट्रॅक्टरच्या मागे चालणारा, आखूड मानेचा, हनुवटीखाली जरा फुगीर, पिवळ्या चोचीचा तो गायबगळा. तो मासे धरायला उभा राहत नाही, गुरांच्या पायांनी उडालेले किडे खातो. पावसाळ्याच्या तोंडावर त्याचं डोकं, मान आणि पाठ केशरी होते, तेव्हा तर प्रश्नच नाही. पाण्यात उभा राहून एक पाय थरथरवत चिखल ढवळणारा, सडपातळ, काळ्या चोचीचा तो लहान बगळा. तो उडताना पायाकडे पाहा: पाय काळे, पण पावलं पिवळी. पिवळी पावलं दिसली की दुसरं काही पाहावं लागत नाही. नदीच्या मुखाशी किंवा खडकांवर पाटीच्या दगडासारखा करडा बगळा दिसला तर तो समुद्र बगळा. त्याचे काही पक्षी पांढरेही असतात, त्यांची चोच लहान बगळ्यापेक्षा जाड आणि तपकिरी-पिवळसर असते.

खरी अडचण मध्यम बगळा आणि मोठा बगळा यांच्यात. दोघेही पांढरे, दोघांचेही पाय काळपट, दोघांचीही चोच एरवी पिवळी. नवखा म्हणतो, ‘चोच काळी आहे, म्हणजे लहान बगळा.’ पण विणीच्या काळात या दोघांच्याही चोची काळ्या होतात. त्या दिवसांत चोचीच्या रंगावर विसंबलं की नाव चुकतं. न बदलणारी गोष्ट पाहायला हवी, आणि ती आहे तोंडाची रेघ. चोच जिथे मिटते तिथून मागे जाणारी बारीक काळी रेघ मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच थांबते, मोठ्या बगळ्यात डोळ्याच्याही मागे जाते. मोठ्या बगळ्याची मान अंगाच्या मानाने फार लांब, मध्येच कोनात मोडल्यासारखी. दोघे शेजारी उभे असले तर मोठा बगळा उंचीनेच उठून दिसतो, पण ते क्वचितच आपल्या सोयीने शेजारी उभे राहतात, म्हणून रेघ शिकून घ्यावी.

आणि याच शेतात, बांधाच्या कडेला, खांदे पाडून बसलेला मातकट पक्षी म्हणजे वंचक. जवळ गेलात की अचानक उडतो आणि पंख लख्ख पांढरे! क्षणापूर्वी तिथे कोणीच नव्हतं असं वाटतं. विणीच्या काळात त्याच्या पाठीवर किरमिजी पिसं येतात, तेव्हा हा वेगळाच पक्षी आहे असं समजून लोक पुस्तकात शोधत बसतात. वर्षभर एकाच बांधावर जात राहिलात तर हे सगळे बदल डोळ्यांदेखत होताना दिसतात, मग ते पाठ करावे लागत नाहीत.

घारींनाही हीच पद्धत लागू. पणजीसमोर मालीमच्या मासळी धक्क्यावर काळी घार आणि ब्राह्मणी घार दोन्ही घिरट्या घालतात. पूर्ण वाढलेली ब्राह्मणी घार तांबूस, डोकं आणि छाती पांढरी, ओळखायला सोपी. पण तिची पिल्लं तपकिरी असतात, थेट काळ्या घारीसारखी. तेव्हा शेपूट पाहायची. काळ्या घारीची शेपूट दुभंगलेली, ब्राह्मणी घारीची गोल, वय काहीही असो. एवढं मात्र लक्षात ठेवा की काळ्या घारीने शेपूट पूर्ण पसरली की फाटा नाहीसा होऊन कडा सरळ दिसते, त्यामुळे ती वळेपर्यंत थांबा. समुद्राकडून दोन मीटर पंखांचा पांढरा पक्षी आला, शेपूट आखूड आणि पाचरीसारखी, पंख वर उचलून धरलेले, तर तो समुद्र गरुड.

नर, मादी आणि पिल्लू यांची रूपं वेगळी असणं हा नवख्याचा कायमचा काच आहे. कोकीळ नर काळाभोर, डोळा लाल, चोच फिकट हिरवी. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. स्वर्गीय नर्तकाचा नर पांढराही असतो आणि तांबूसही, मादीला लांब शेपूट नसते. जांभळ्या शिंजिराचा नर वीण संपली की मादीसारखा पिवळट होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ उरते. जोडीने वावरणारे पक्षी सापडले की दोघांनाही पाहा, एकाचं नाव कळलं की दुसऱ्याचंही कळतं.

कान

गोव्यासारख्या झाडांच्या प्रदेशात पक्षी आधी ऐकू येतो, मग दिसतो, पुष्कळदा दिसतच नाही. गावातल्या जुन्या माणसांना हे ठाऊक असतं. पावशाला त्यांनी कधी पाहिलेलं नसतं, पण ‘पेर्ते व्हा’ ऐकलं की तो आला हे ते सांगतात.

आवाज शिकण्याची खात्रीची पद्धत एकच: एक आवाज धरा आणि तो करणारा पक्षी दिसेपर्यंत सोडू नका. ध्वनिमुद्रणं ऐकून पाठ केलेले आवाज विसरतात, स्वतः माग काढून सोडवलेला आवाज विसरत नाही. सुरुवात तांबटापासून करा. उन्हात, ठराविक अंतराने, ‘टुक टुक टुक’, न थकता. हिरवा, चिमणीहून जरा मोठा, कपाळ लाल. त्याचाच मोठा भाऊबंद, पांढऱ्या गालाचा कुटुरगा, ‘कुटुर्र, कुटुरू कुटुरू’ म्हणत सगळं आवार दणाणून सोडतो. एकाने सुरू केलं की दुसरा उत्तर देतो. भारद्वाजाचा खोल ‘कुक कुक कुक’ झुडपातून येतो. कानठळ्या बसवणारा ‘टुविट टुविट’ ऐकून मोठा पक्षी शोधाल तर फसाल, तो अंगठ्याएवढा शिंपी असतो. कोकिळेचं ‘कुऊ’ नराचं. मादी ‘किक किक किक’ असा घाईचा आवाज काढते आणि बहुतेकांना तो कोकिळेचा आहे हे माहीतच नसतं.

एक सावधगिरी. भृंगराज आणि सोनेरी कपाळाचा पर्णपक्षी हे नकला करण्यात पटाईत. जंगलात एकाच झाडावरून ससाण्याचा, बुलबुलाचा आणि कुटुरग्याचा आवाज पाठोपाठ आला तर तीन पक्षी नाहीत, एक भृंगराज आहे. हाच भृंगराज मिश्र थव्याचा पुढारीही असतो. निखार, सुतार, नाचण, लहान लहान किडेखाऊ असे अनेक पक्षी मिळून जंगलात फिरतात. अर्धा तास शांतता, आणि मग पाच मिनिटांत सगळीकडे हालचाल. अशा वेळी थव्यामागे धावू नका. एका जागी उभे राहा, एक पक्षी निवडा, तो पूर्ण पाहा, मग दुसरा. सगळे पाहायला गेलात तर एकही नीट दिसत नाही. गोव्याचा राज्यपक्षी, काळ्या डोक्याचा, पिवळ्या अंगाचा आणि गळ्यावर माणकासारखा लाल डाग असलेला बुलबुल, अशाच सह्याद्रीच्या झाडीत भेटतो. जगात तो पश्चिम घाटाच्या पट्ट्याबाहेर कुठेच नाही.

वही, फोन आणि दुर्बीण

पक्षी समोर असताना पुस्तक उघडू नका. आधी पाहा, पक्षी गेल्यावर वहीत लिहा, आणि मगच पुस्तक. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण चित्र पाहिलं की आठवण त्या चित्राकडे झुकते. पायांचा रंग तुम्ही पाहिलेलाच नसतो, पण चित्रात पिवळे दिसले की ‘हो, पिवळेच होते’ असं मन सांगू लागतं. वहीत आधी लिहिलेलं असेल तर मनाला तशी सवलत मिळत नाही. लिहायचं काय? जागा, तारीख, वेळ, किती मोठा, काय करत होता, चोच, शेपूट, मग डोक्याचे तपशील: भुवईसारखी पांढरी रेघ आहे का, डोळ्यातून काळी पट्टी जाते का, गाल, कंठ, पंखावर पट्टी, उडताना पुठ्ठ्याचा म्हणजे शेपटीच्या वरच्या भागाचा रंग, बुडाचा म्हणजे शेपटीखालचा रंग. चित्र वाईट आलं तरी काढा, कारण चित्र काढायला बसलं की काय पाहिलं नाही ते लगेच कळतं.

फोनवरचं मर्लिन हे अॅप मोफत आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेचं. भारताचा संच एकदा उतरवून घेतला की जंगलात नेटवर्क नसतानाही चालतं. ते पाच प्रश्न विचारतं, आणि पहिले दोन असतात जागा आणि तारीख. मग आकार, रंग, आणि पक्षी काय करत होता. ते आवाजही ओळखतं, पण त्याने सुचवलेलं नाव म्हणजे शोधायला दिलेली दिशा. नकला करणारे पक्षी त्यालाही चकवतात. पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किंवा आवाजाची स्वतःला खात्री पटल्याशिवाय नोंद करू नका. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्या तर त्या अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची गणना होते, भारतात ती 2013 पासून चालते. पंधरा मिनिटं अंगणात उभं राहून मोजलेले कावळे आणि बुलबुलही तिथे मोलाचे असतात.

कॅमेऱ्याबद्दल थोडं स्पष्ट लिहितो. पहिल्या वर्षी तो घरी ठेवावा. फोटो काढणाऱ्याचं लक्ष पक्षी फोटोत येतोय की नाही याकडे असतं, तो चालतो कसा, खातो काय, शेपूट हलवतो कशी याकडे नसतं. आणि तेच तर शिकायचं आहे.

दुर्बीण मात्र हवी. तिच्यावर 8×42 असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते, इथे सव्वापाच मिलिमीटर. कुळागरासारख्या अंधाऱ्या जागी ही रुंदी कामाला येते. दहा पटीची दुर्बीण जास्त चांगली असेल असं वाटतं, पण तिच्यात हाताचा कंपही दहा पट होतो आणि दिसणारा परिसर आकुंचतो, त्यामुळे हलणारा पक्षी सापडतच नाही. आपल्या हवेत भिंगांवर बुरशी येते, म्हणून जलरोधक, आत नायट्रोजन भरलेली घ्यावी आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावी. वापरताना नजर पक्ष्यावरून काढू नका. पक्ष्याकडे बघत राहून दुर्बीण डोळ्यांपर्यंत उचला. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधायला गेलात तर नुसती पानं दिसतील.

घरट्याजवळ थांबू नका. फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावण्याची सवय तर लावूच नका. विणीच्या काळात आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो चवताळतो, अंडी-पिल्लं सोडून शोधत फिरतो. खाजनाच्या बांधावरून चालताना बांधाची कड पायाने ढासळणार नाही याची काळजी घ्या. त्या बांधावरच ते शेत टिकलेलं असतं.

अवघड मंडळी

काही गट पहिल्या वर्षी बाजूला ठेवावेत. हिवाळ्यात झाडांच्या शेंड्यावर सतत हलणारे हिरवट पर्णवटवट्ये एकमेकांसारखेच दिसतात आणि त्यांना आवाजानेच वेगळं करावं लागतं. मोठे कुरव प्रौढ होईपर्यंत साधारण चार वर्षं दर हंगामात रूप बदलत राहतात. ‘वटवट्या, जात कळली नाही’ असं वहीत लिहिणं ही प्रामाणिक नोंद आहे, ई-बर्डवरही अशा नोंदीची सोय आहे. नाव न कळलेला पक्षी नीट पाहिलेला असेल तर पुढच्या वर्षी त्याचं नाव कळतं. घाईने चिकटवलेलं चुकीचं नाव मात्र वर्षानुवर्षं डोक्यातून जात नाही.

चिखल्या आणि तुतवार या चिखलात चरणाऱ्या किनारपक्ष्यांसाठी दुसरा हिवाळा राखून ठेवा. आपल्याकडे येतात तेव्हा ते सगळे करडे-तपकिरी असतात, विणीचे रंग आर्क्टिककडे किंवा मध्य आशियात सोडून आलेले. इथेही आधी चालच पाहायची. चिखल्या थोडं धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. तुतवार मान खाली घालून चालत चालत चोच चिखलात खुपसत राहतो. तुतवारांपैकी एकटा, काठाकाठाने, शेपटीकडचा भाग सारखा वरखाली हलवणारा सामान्य तुतवार सगळ्यात आधी ओळखता येतो. तो जमला की चिखल्यांकडे वळा. मानेभोवती मागून पूर्ण पांढरा पट्टा असेल तर बहुधा केंटिश चिखल्या, नसेल तर बहुधा वाळूवरच्या चिखल्यांपैकी कोणीतरी. त्यांच्या बाबतीत अभ्यासकांनी अलीकडेच एका जातीच्या दोन केल्या आहेत, तेव्हा नवख्याने तिथे अडकून पडू नये.

चोडणचं डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य अवघं 1.78 चौरस किलोमीटरचं, रायबंदरहून फेरीबोटीने पोचता येतं. पण तिथे काय किंवा मोरजीला काय, निघायची वेळ घड्याळापेक्षा ओहोटीवरून ठरवा. सुकतीला चिखल उघडा पडतो, पण पक्षी लांबवर पसरलेले असतात. पाणी चढू लागलं की ते चरत चरत काठाकडे सरकतात. ओहोटी संपायच्या सुमाराला जाऊन बसा, पुढचे दीड-दोन तास ते तुमच्याकडेच येत राहतात. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते, म्हणून या रविवारी सकाळी सातला साधलेली ओहोटी पुढच्या रविवारी त्याच वेळी मिळणार नाही. भरती-ओहोटीचं कोष्टक आदल्या रात्री पाहून ठेवा.